ठाकुर्लीमार्गे शहाड

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी ना कोणी प्रवासवर्णन लिहितं. गेल्या वर्षी सहाव्या मजल्यावरचे बालीला जाऊन आले, त्याच्या आदल्या वर्षी कोणी तरी जॉर्जियाला. यंदा मी लिहितेय. मी गेले नौपाड्याहून ठाकुर्लीला आणि तिथून शहाडला. हसा, हसून घ्या. पण तुमच्यापैकी किती जणांनी हा प्रवास आठ वर्षांची मुलगी आणि साडेपाच वर्षांचा मुलगा बरोबर घेऊन केलाय? नाही ना? मग वाचा. पुढे कुठे तरी हसू थांबेल, तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडलीत तरी माझी हरकत नाही. मी स्वतः परत आल्यापासून तेच करतेय.

निघायचं कारण अगदीच घरगुती होतं. आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छतात पाणी झिरपत होतं. लाद्या फोडायच्या, नवीन बसवायच्या, म्हणजे तीन दिवस घर नुसतं धुळीत. सुहास, म्हणजे माझा नवरा, कामगारांवर लक्ष ठेवायला थांबला आणि मी रेवा-अदूला घेऊन ठाकुर्लीला माझ्या ताईकडे निघाले. दिवाळीची सुट्टी होतीच.

पहिला दिवस : शीळफाटा आणि पुढे

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. ट्रॅफिकचं वर्णन वाचायला कोणी अंक उघडत नाही. एवढंच सांगते की अदूने शीळफाट्याला उलटी केली आणि रेवाने प्रसंगावधान राखून पिशवीऐवजी माझी ओढणी पुढे धरली. मी गाडीतच दोघांवर इतकी कडाडले की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, होता है. मेरे भी दो हैं." मला वाटलं, तुझे दोन असतील, माझे दोन म्हणजे वीस आहेत.

ताईची बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. याच गल्लीत आम्हीही सहा वर्षं भाड्याने राहिलो होतो, रेवा पाच वर्षांची होईपर्यंत. तरी मी गाडी मागच्या बाजूने घ्यायला लावली. ताईकडे आले की मी नेहमी मागूनच येते. का, ते उद्याच्या दिवसात येईल.

नौपाड्यात आमच्याकडे मुलांनी उड्या मारायला सुरुवात केली की पाच मिनिटांत इंटरकॉम वाजतो. "जरा बघता का?" असं गोड आवाजात. मग मी मुलांना बघते, म्हणजे कशी बघते ते मुलांनाच विचारा. ठाकुर्लीत अदूने सोफ्यावरून धडाधड सात-आठ उड्या मारल्या आणि दारात खालच्या आजी हजर. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर त्या म्हणाल्या, "आली का पोरं? तरीच म्हटलं आज जरा घरात जीव आलाय. पाठवा खाली, चकल्या तळतेय." तासाभरात माझी मुलं तीन घरांतून फिरून, चकल्या, शेव आणि कुणाचा तरी अर्धा पेरू खाऊन आली. अदूच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी आजतागायत सापडलेली नाही.

ताईला मूलबाळ नाही. ती आणि भावजी दोघंच. मुलांनी भावजींच्या कुंडीतली सगळी गोकर्णाची फुलं तोडून बादलीत "निळं सरबत" केलं, तरी भावजी नुसते म्हणाले, "उद्या पुन्हा येतील रे फुलं." मी मात्र हात उगारलाच होता. ताईने मध्ये येऊन तो नुसता खाली केला. मला राग आला. यांना काय जातंय, दोन दिवसांचं कौतुक, रोज सांभाळा म्हणजे कळेल, असं मनात आलं. मनातच ठेवलं, यावेळी तरी.

दुसरा दिवस : घावन

सकाळी ताईने घावन घातले. जाळीदार, पातळ, कडेला जरा कुरकुरीत, सोबत नारळाचं दूध आणि गूळ. आई करायची अगदी तसे. मला ते कधीच जमले नाहीत, माझ्या तव्यावर त्यांचा चिखल होतो. आम्ही सगळे ओट्याला टेकून, तव्यावरून थेट पानात घेऊन खात होतो. अदूने आपलं संपवलं आणि रेवाच्या पानात हात घातला.

रेवा म्हणाली, "हात काढ. नाहीतर तेव्हासारखी पट्टी घालीन."

"तेव्हासारखी म्हणजे कधीसारखी?" मी विचारलं. सहज विचारलं होतं.

रेवाचा घास तोंडातच राहिला. तिने ताईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मला कळलंच नाही आधी. आणि मग कळलं.

आता मागचं सांगायला हवं. याच गल्लीत, तळमजल्यावर सुमतीकाकूंचं पाळणाघर होतं. दोन खोल्या, दहा-बारा मुलं. सकाळी आठला मुलं सोडायची, संध्याकाळी सातला न्यायची. मऊ भात, झोप, गाणी, सगळं काकू एकट्या करायच्या. त्यांच्याकडे एक लाकडी पट्टी होती. ती त्या जमिनीवर टकटक आपटायच्या आणि सगळा गोंधळ गोल करून बसायचा. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अदूच्या पोटरीवर दोन वळ दिसले. लालभडक, सरळ, पट्टीएवढे. अदू अडीच वर्षांचा, त्याला धड सांगता येत नव्हतं. मी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खेळताना लागलं असेल गं." एवढंच. नजर वळवून म्हणाल्या.

खेळताना? असले वळ? माझं डोकं फिरलं. दारातच मी त्यांना नको नको ते बोलले, बाकीच्या आया मुलं न्यायला आलेल्या, त्यांच्यासमोर. घरी येऊन अदूच्या पायाचा फोटो काढला आणि पाळणाघराच्या आयांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपली मुलं कोणाच्या हातात देतोय, याचा विचार करा." त्या फोटोखाली बायका तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी एकीने मूल काढलं, मग दोघींनी, आठवड्यात निम्मं पाळणाघर रिकामं. महिन्याभरात आम्ही नौपाड्याला आलो. नंतर कळलं, पाळणाघर बंद झालं. मला तेव्हा काय वाटलं सांगू? बरं झालं, असं वाटलं. अभिमान वाटला चक्क. आणि तरी मी मागच्या गल्लीने यायची. म्हणजे कुठे तरी मला खटकत होतंच, मी कबूल करत नव्हते एवढंच.

"रेवा," मी म्हणाले, "अदूला कोणी मारलेलं तेव्हा?"

"मी," ती इतकं हळू म्हणाली की तव्याच्या चरचरीत ऐकू येईना. "त्याने माझं चित्र फाडलेलं. काकू आत भात लावत होत्या. मी त्यांची पट्टी घेतली."

आणि इथे मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "तीन वर्षं! तीन वर्षं गप्प बसलीस!" पाच वर्षांची होती ती तेव्हा. आणि मी कोणाला विचारत होते?

रेवा रडली नाही. ती नुसती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अदू माझ्या पायाला लोंबकळून "आई नको, आई नको" करत होता. ताईने गॅस बंद केला, रेवाला पोटाशी घेतलं आणि भावजींना म्हणाली, "यांना जरा मैदानावर घेऊन जा."

मुलं गेल्यावर ती मला म्हणाली, "मी तुला तेव्हाच सांगितलेलं. त्या बाई मुलावर हात टाकणाऱ्या नाहीत म्हणून. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं. मी म्हणालेले, "तुला मुलं नाहीत ताई, तुला काय कळणार?"

"आठवत नाही," मी खोटं बोलले. ताईने तवा पुन्हा तापवला आणि माझा राहिलेला घावन घातला. तो मी खाल्ला. सगळा खाल्ला, कारण नको म्हणायचं तोंड नव्हतं मला.

काकू आता शहाडला भाच्याकडे राहतात, हे ताईकडूनच कळलं. ती दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाते त्यांच्याकडे. तीन वर्षं जातेय, मला पत्ता नाही.

तिसरा दिवस : शहाड

माफी मागायला जाताना बरोबर काय न्यायचं असतं? मिठाईच्या दुकानात मी दहा मिनिटं उभी. पेढे घ्यायला निघाले तर ताईने हात धरला. "पेढे आनंदाला नेतात. फळं घे." मोसंबी घेतली. अदूने दुकानाबाहेर त्यातली दोन गडगडत सोडली आणि एक गटारात गेली. मी ओरडले नाही. ओरडायचा हक्क त्या दिवसापुरता तरी मी गमावला होता.

ताई म्हणाली, तू एकटी जा, मुलं राहू देत. रेवा म्हणाली, "मला यायचंय." मग अदूही आलाच. ठाकुर्लीहून कल्याण, कल्याणहून शहाड, दोन रिक्षा. शहाडच्या पुलावर अदू ओरडला, "आई, केवढं मोठं ग्राउंड!" खाली उल्हास नदी होती. पाण्यावर जलपर्णी इतकी दाट माजलेली की खरंच कोणी क्रिकेट खेळेल. एक बगळा त्या हिरव्यावर आरामात चालत होता, त्यामुळे अदूला खरंच पटेना की खाली पाणी आहे. तो वाद त्याने रिक्षावाल्याशी पूल संपेपर्यंत घातला. रेवाने माझा हात धरला नव्हता, पिशवीचा बंद धरला होता.

काकूंचं घर पहिल्या मजल्यावर, दार उघडंच. त्या खाली चटईवर बसून फुलवाती वळत होत्या. बारीक झाल्यात. गुडघ्याला पट्टा. मी दारात उभी. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही आधी. मुलांकडे बघितलं.

"अगं बाई, हा अदू? आणि रेवा, केवढी झालीस गं! दात कुठे गेले पुढचे?"

अदूला त्या आठवत असणं शक्य नाही. पण दोन मिनिटांत तो पलंगावर, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून परत पलंगावर. कापसाचा गठ्ठा लाथेने उडाला आणि घरभर पांढरं झालं. माझा हात उठला आणि मीच तो दुसऱ्या हाताने धरला. काकूंनी तळहात जमिनीवर दोनदा थापटला. टप, टप. "इकडे या दोघं. माझा कापूस सांडलाय, आता मला मदत लागणार." आणि माझी वादळं मांडी घालून बसली की हो! चिमटीत कापूस धरायचा, दुधाचा हात लावायचा, पीळ द्यायचा. अदूच्या वाती कसल्या, बोळेच होते. काकू म्हणाल्या, "झकास. ही मोठ्या समईला."

मग त्यांनी मऊ भात केला. तूप, मेतकूट, लिंबाची फोड. अदू घरी भाताला हात लावत नाही, इथे दोन वाट्या खाल्ल्या. मी मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसलेली. शेवटी म्हणाले, "काकू, मी…"

"मुलांसमोर नको." त्यांनी दोघांना कापूस देऊन बाहेर गॅलरीत बसवलं. मग आत येऊन गुडघा लांब करून बसल्या. "हं. बोल."

मी बोलले. कसं बोलले ते नका विचारू. रडत, अडखळत, चार वेळा तेच. रेवाने काल सांगितलं, मला माहीत नव्हतं, मला कळायला हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "असू दे" म्हणाल्या नाहीत.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"अदू रडला म्हणून बाहेर आले, तर हिच्या हातात पट्टी. मी काही बोलायच्या आत पोरगी जागच्या जागी ओली झाली, मंजू. चड्डी भिजली तिची. माझ्या साडीत तोंड खुपसून म्हणाली, आईला सांगू नका, आई खूप मारते. मी तिला म्हटलं, नाही सांगणार. शब्द दिला. मग संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा काय करू?"

"पण काकू, तुमचं पाळणाघर… तुम्ही नंतर तरी सांगायचं."

"मला काय माहीत एवढं होईल? वाटलं, चार दिवस रागावेल, मग येईल. मग एकेक करून पोरं जायला लागली. तेव्हा सांगितलं असतं तर बायका म्हणाल्या असत्या, स्वतःचं पाप लेकरावर ढकलते. आणि तू घरी जाऊन तिला सोलून काढली असतीस. काढली असतीस की नाही?"

मी आदल्या दिवशीच्या घावनांबद्दल काही सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण त्यांनी मान हलवली.

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला की. अजून आहे." हे त्या चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं पोरं सांभाळली मी. रस्त्यात कुणी भेटलं तर नजर चुकवायचे लोक, माझ्याच हातचं जेवलेल्या पोरांचे आईबाप. ते मी विसरणार नाही, उगाच तुला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला बोलू? माफबिफ काही केलेलं नाही मी तुला. मुलांना मात्र आणत जा. साखर किती?"

"एक," मी म्हणाले.

निघताना रेवा त्यांच्या पाया पडली आणि बराच वेळ उठलीच नाही. काकूंनी तिच्या कानात काही तरी सांगितलं. काय, ते मी विचारलं नाही. विचारायचा प्रश्नच नव्हता.

परत नौपाडा

बाथरूम छान झालंय, विचाराल तर. लाद्यांचा रंग सुहासने निवडलाय, त्यामुळे त्याविषयी मी जास्त बोलत नाही. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंजू, तुझा हात उठताना मीही बघतच होतो ना रोज." एवढंच म्हणाला आणि कामगारांना पाणी द्यायला गेला.

संध्याकाळी मी तो जुना आयांचा ग्रुप शोधून काढला. तीन वर्षांत तिथे फक्त सणांची चित्रं येत होती. मी सगळं लिहिलं. अदूला रेवाने मारलं होतं, काकूंनी नाही, मी खोटा आळ घेतला, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, त्या बाईंचं काम गेलं, चूक पूर्ण माझी. पाठवलं आणि फोन उलटा ठेवून बसले. मला वाटलं, आता शिव्या पडतील, पडू देत. तासाभराने एक अंगठा आला. मग एक दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र. मग सगळ्यात पहिल्यांदा मूल काढून नेलेल्या बाईचा निरोप आला, "कोण काकू?" मी नाव लिहिलं, शहाडचा पत्ता नाही, पण नाव पूर्ण लिहिलं. त्यावर काही उत्तर नाही आलं. म्हणून मग हे अंकासाठी लिहायला घेतलं. निदान छापलेलं कोणी पुढे सरकवून टाकत नाही.

इथे थांबणार होते. पण काल सकाळचं राहिलं.

काल मी खाली दही आणायला गेले होते. सुहास आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दार बंद करून. माझ्याकडे किल्ली होती, लॅच उघडलं आणि आत पाऊल टाकणार, तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कणीक. पांढरी पावलं पार हॉलपर्यंत आलेली. डबाच आडवा झाला असणार. अदूच्या हुंदक्यांचा आवाज येत होता आणि रेवा त्याला दबक्या आवाजात समजावत होती.

"रडू नकोस. झाडू आण. आई यायच्या आत भरून टाकू. आणि कळलंच, तर मी सांगेन माझ्याकडून सांडलं. मला सवय आहे, मला एवढं लागत नाही."

मी तशीच मागे झाले. लॅच आवाज न करता ओढून घेतलं आणि दह्याची पिशवी धरून जिन्यात उभी राहिले. समोरच्या वहिनी कचरा ठेवायला बाहेर आल्या, म्हणाल्या, "काय हो, किल्ली विसरलात?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग बेल वाजवा ना, मुलं आहेत की घरात."

"वाजवते," मी म्हणाले. "जरा वेळाने वाजवते. त्यांचं काम चाललंय."